मेलिंग लिस्टवरची मेल अडते कुठे आणि ती सोडवायची कशी

फोंड्यातल्या एखाद्या वाचक मंडळाची मेलिंग लिस्ट डोळ्यांसमोर आणा. तीनशे सदस्य. बहुतेक जीमेलवर, काही जुने खंदे अजून याहूवर, चार-पाच जण कॉलेजच्या किंवा कचेरीच्या पत्त्यावर. चतुर्थी सरल्यावर सभा कधी घ्यायची, हे विचारायला याहूवरच्या एक बाई लिस्टवर मेल टाकतात. मेल लिस्टच्या सर्व्हरवर पोचते, संग्रहात दिसते, रोजचा डायजेस्ट, म्हणजे दिवसभराच्या मेलचा एकच गठ्ठा, घेणाऱ्यांनाही मिळते. जीमेलवरच्या सदस्यांना मात्र मिळत नाही, स्पॅममध्येही सापडत नाही. महिन्याभराने त्यातल्याच पन्नासेक जणांना लिस्टकडून पत्र येतं: तुमच्या पत्त्यावरून मेल परत येत आहेत, म्हणून तुमचं सदस्यत्व थांबवलं आहे. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनाच शिक्षा. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हे असं.

इथे बाईंची चूक नाही, जीमेलची नाही, लिस्टचं सॉफ्टवेअरही बिघडलेलं नाही. याहूने एप्रिल २०१४मध्ये जाहीर केलं, की आमच्या नावाने आलेली मेल आमची असल्याचं सिद्ध होत नसेल तर ती घेऊच नका. एओएलने त्याच महिन्यात तोच रस्ता धरला. फसव्या मेल थोपवायला ते गरजेचंच होतं. पण मेलिंग लिस्टचा धंदाच मुळी दुसऱ्याच्या नावाची मेल आपल्या सर्व्हरवरून पुढे पाठवण्याचा. गोव्याला हे माध्यम नवं नाही, गोवानेट ही मेलिंग लिस्ट १९९४पासून चालत आली आहे. त्या काळात लिस्ट उभारताना असा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. आज मात्र सदस्य जोडायच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो.

एक सूचना आधीच. सेटिंगची आणि नोंदींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) सार्वजनिक नोंदवहीत, भरताना ती रोमन अक्षरांत, आणि आकडेही इंग्रजी, असेच भरायचे.

पाकीट आणि आतला कागद

प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा. सर्व्हर एकमेकांशी बोलताना तो वापरतात, मेल परत फिरली तर त्याच पत्त्यावर येते, वाचणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. दुसरा आतल्या कागदावरचा, म्हणजे ‘फ्रॉम’मधला. वाचणारा ओळखतो तो हाच.

मेल खरी की खोटी हे तपासायच्या पद्धती तीन: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. एसपीएफ फक्त पाकीट पाहतो: पाकिटावरच्या डोमेनने आपल्या डीएनएसमध्ये ज्या सर्व्हरांची यादी दिली आहे, त्यांच्यापैकीच एकाकडून ही मेल आली का? डीकिम ही सही आहे. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि फ्रॉम, सब्जेक्ट, डेट असे ठरावीक मथळे (हेडर) एकत्र बांधून त्यांवर सही करतो. घेणारा ती डीएनएसमधल्या सार्वजनिक किल्लीने पडताळतो. सही झालेल्या भागातला एक शब्द बदलला तरी ती तुटते. ‘रिलॅक्स्ड’ पद्धतीने केलेली सही जागा आणि ओळींच्या घड्या यांतला फरक चालवून घेते, पण शब्दांतला नाही.

डीमार्क या दोघांना फ्रॉमशी बांधतो. दोघांपैकी एक जरी पास झाला, आणि जो पास झाला त्याचं डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळलं, तर मेल पास. नाहीतर फ्रॉमवाल्या डोमेनने सांगून ठेवलेलं धोरण लागू होतं: ‘नन’ म्हणजे नुसतं कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे बाजूला टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा.

आता लिस्ट काय करते ते पाहा. मेल परत आली तर आपल्याला कळावं म्हणून ती पाकिटावर स्वतःचा ‘बाउन्सेस’ पत्ता घालते. त्यामुळे एसपीएफ पास होतो, पण लिस्टच्या डोमेनसाठी. फ्रॉममध्ये याहूच आहे, तेव्हा जुळणी नाही. मग लिस्ट विषयाच्या आधी ‘[वाचक]’ लावते, तळाला ‘सदस्यत्व रद्द करण्यासाठी इथे जा’ अशी ओळ जोडते, कधी जोडपत्रं काढते, कधी एचटीएमएलचा साधा मजकूर करते. यातल्या कोणत्याही एका गोष्टीने याहूची सही तुटते. दोन्ही आधार गेले, धोरण रिजेक्ट, मेल परत. डायजेस्टच्या फ्रॉममध्ये मुळातच लिस्टचा पत्ता असतो, म्हणून डायजेस्टवाल्यांना याची झळ लागत नाही. तक्रार आली की ‘डायजेस्टवाल्यांना मिळाली का?’ हा प्रश्न पहिला विचारा. उत्तर हो असेल तर रोगाचं निदान जवळजवळ झालंच.

देवनागरीत चालणाऱ्या लिस्टांना यात एक जादा कटकट आहे. देवनागरी विषय मेलमध्ये जसाच्या तसा जात नाही, संकेतांत गुंडाळून जातो. त्याला पुढे ‘[वाचक]’ जोडायचं तर सॉफ्टवेअर तो आधी उलगडतं, जोडतं आणि परत गुंडाळतं. तळटीप देवनागरीत असली तर मजकुराचंही तेच: सगळा मजकूर नव्या सांकेतिक रूपात लिहिला जातो, किंवा तळटीप वेगळं जोडपत्र बनून लटकते आणि सदस्य विचारतात, ही रिकामी फाइल कसली? मूळ सही या सगळ्यात टिकायची आशाच नको.

आधी निदान, मग औषध

सर्व्हरच्या मेल लॉगमध्ये, म्हणजे आवक-जावकीच्या नोंदींत, परत आलेल्या मेलचा संदेश काढा. जीमेल ५५० ५.७.२६ हा संकेत देतं आणि सोबत लिहितं, की अमुक डोमेनच्या डीमार्क धोरणामुळे ही मेल स्वीकारली नाही. मायक्रोसॉफ्टचा संकेत ५५० ५.७.५०९, याहूचा ५५४ ५.७.९. मेलबॉक्स भरला असेल किंवा पत्ताच चुकीचा असेल तर संकेत वेगळे येतात. त्यांना हे औषध चालत नाही.

संदेशातलं डोमेन कोणाचं आहे ते नीट वाचा. ते पाठवणाऱ्या सदस्याचं असेल तर प्रश्न लिस्टच्या वाटेवर आहे. तुमच्याच लिस्टचं असेल तर आधी आपलं घर आवरायचं.

एखाद्या डोमेनचं धोरण पाहायला ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ या डीएनएसला विचारणाऱ्या आज्ञांनी त्या डोमेनच्या आधी अधोरेखा, डीमार्क आणि टिंब लावून टीएक्सटी (मजकुराची) नोंद विचारा. उत्तरात ‘पी=’ नंतर जे येईल ते धोरण. जीमेल डॉट कॉमचं बरीच वर्षं नन आहे, याहू डॉट कॉमचं रिजेक्ट. कॉलेजं, बँका, सरकारी कचेऱ्या यांचं धोरण प्रत्येकाचं वेगळं आणि कधीही बदलणारं. काल चालणारा पत्ता आज अडू शकतो, त्यामुळे एकदा पाहून वहीत लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

आपलं घर आवरा

लिस्टच्या डोमेनसाठी एसपीएफची नोंद एकच हवी. दोन असल्या तर दोन्ही बाद होतात, आणि ही चूक फार सर्रास होते: आधी होस्टिंगवाल्याने एक टाकलेली असते, मग कोणीतरी दुसऱ्या सेवेची आपली वेगळी नोंद टाकतो. दोन्हींतल्या गोष्टी एकाच ओळीत आणा. ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’ अशा ज्या भागांसाठी डीएनएसला विचारावं लागतं, त्यांची एकूण संख्या १०च्या वर जाऊ देऊ नका. आतल्या इन्क्लूडमधले इन्क्लूडही त्यात मोजले जातात. शेवटी, यादीबाहेरच्या सर्व्हरांचं काय करायचं हे सांगणारं, ‘टिल्ड ऑल’ (संशय घ्या) ठेवा. ‘मायनस ऑल’ (नापास करा) लावलं तर काही सर्व्हर सही न पाहताच मेल परत पाठवतात.

डीकिमची किल्ली २०४८ बिटांची करा. डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंदीचा एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. तेव्हा ती दोन अवतरणांत तोडून एकाच नोंदीत ठेवावी लागते. काही पॅनेलं हे आपोआप करतात, काही गुपचूप शेवटची अक्षरं कापून टाकतात. नोंद भरल्यावर ती डिगने परत वाचून मूळ किल्लीशी ताडून पाहा.

सही कुठे होते याला महत्त्व आहे. लिस्टच्या सॉफ्टवेअरने विषय, तळटीप, मथळे यांत जे काय बदल करायचे ते केल्यानंतर, मेल बाहेर पडताना सगळ्यात शेवटी सही व्हायला हवी. मेल सर्व्हरवर येतानाच सही केली आणि नंतर मेलमॅनने, म्हणजे लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, तळटीप जोडली, तर तुमची स्वतःची सही तुम्हीच तोडलीत. सही करायला ओपनडीकिम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी एक खाच आहे: कोणत्या किल्लीने सही करायची हे ते साधारणपणे फ्रॉमवरून ठरवतं. फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता असेल तर त्याच्याकडे किल्ली नसते, आणि मेल बिनसहीची जाते. ‘सेंडर-हेडर्स’ या सेटिंगमध्ये आधी सेंडर आणि मग फ्रॉम असा क्रम दिला, की लिस्टने घातलेल्या सेंडर मथळ्यावरून तुमच्या डोमेनची सही लागते.

डीमार्कची नोंद सुरुवातीला नन धोरणाची टाका आणि ‘आरयूए’मध्ये अहवालांसाठी पत्ता द्या. नोंदीची सुरुवात ‘व्ही=डीमार्क१’ अशी असते. त्यातला डीमार्क हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहायचा. अहवाल दुसऱ्याच डोमेनवर मागवणार असाल तर त्या डोमेनलाही ‘मला चालेल’ अशी वेगळी नोंद टाकावी लागते, नाहीतर अहवाल येत नाहीत आणि आपण समजतो की सगळं आलबेल आहे.

सर्व्हरच्या आयपीवरून (आकडी पत्त्यावरून) नाव आणि नावावरून तोच आयपी, अशी दुहेरी जुळणी हवी. भाड्याच्या सर्व्हरवर ही नोंद होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधून करावी लागते, डोमेनच्या डीएनएसमधून नाही.

दोनच रस्ते

इतकं झाल्यावर लिस्टच्या वाटेचा प्रश्न. खरे रस्ते दोनच: मेलला हात लावायचा नाही, किंवा हात लावायचाच तर फ्रॉममध्येही आपलंच नाव घालायचं.

पहिला रस्ता शुद्ध आहे. विषयाची खूण रिकामी, तळटीप रिकामी, मजकुराची गाळणी बंद, उत्तर कुठे जावं हे सांगणाऱ्या रिप्लाय-टूला हात नाही, सेंडर मथळा जोडणं बंद. मूळ सही शाबूत राहते, डीमार्क पास होतो, वाचणाऱ्याला पाठवणाऱ्याचा खरा पत्ता दिसतो. लिनक्स कर्नल आणि डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या लिस्टा याच वळणाच्या आहेत. पण सदस्यांनी लिस्टचं नाव सांगणाऱ्या लिस्ट-आयडी मथळ्यावरून आपली गाळणी लावावी अशी अपेक्षा इथे गृहीत आहे. भजनी मंडळाच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या लिस्टवर ती कोण करणार? शिवाय पाठवणाऱ्याच्या डोमेनने सहीच केलेली नसेल, नुसत्या एसपीएफवर भागवलं असेल, तर हा रस्ता तिथे संपतो.

दुसरा रस्ता म्हणजे फ्रॉम बदलणं. आधी असं असतं:

फ्रॉम: शैला, शैलाचा याहूवरचा पत्ता
विषय: सभा कधी घ्यायची?

लिस्टमधून बाहेर पडताना असं होतं:

फ्रॉम: शैला व्हाया वाचक, लिस्टचा पत्ता
रिप्लाय-टू: शैलाचा याहूवरचा पत्ता
विषय: [वाचक] सभा कधी घ्यायची?

आता फ्रॉम तुमच्या डोमेनचा, पाकीट तुमच्या डोमेनचं, सही तुमच्या डोमेनची. डीमार्क पास, आणि याहूच्या धोरणाचा इथे संबंधच उरला नाही.

मेलमॅन २.१मध्ये, म्हणजे सीपॅनेल या होस्टिंग पॅनेलसोबत येणाऱ्या आवृत्तीत, ‘प्रायव्हसी ऑप्शन्स’ आणि त्यात ‘सेंडर फिल्टर्स’ उघडा. ‘डीमार्क मॉडरेशन ॲक्शन’ला ‘मंज फ्रॉम’ निवडा आणि त्याच्या खालचं क्वारंटाइनविषयीचं सेटिंग ‘येस’ करा. ही सोय २.१.१८पासून आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला. असं केलं की फक्त कडक धोरणाच्या डोमेनचा फ्रॉम बदलतो. सगळ्यांचाच बदलायचा तर ‘जनरल ऑप्शन्स’मधलं ‘फ्रॉम इज लिस्ट’ हे ‘मंज फ्रॉम’वर न्या.

मेलमॅन ३मध्ये लिस्टच्या सेटिंगमध्ये ‘डीमार्क मिटिगेशन्स’ असा वेगळा विभाग आहे. तिथे ‘रिप्लेस फ्रॉम विथ लिस्ट ॲड्रेस’ निवडा. सरसकट बदल हवा असेल तर ‘मिटिगेट अनकंडिशनली’ला ‘येस’ करा.

सरसकट की निवडक? निवडक बदल सभ्य वाटतो, पण लिस्टवर दोन चाली दिसू लागतात: एकाच्या मेलला रिप्लाय दाबला की एक होतं, दुसऱ्याच्या मेलला दाबला की दुसरंच, आणि सदस्यांना कारण कळत नाही. त्यातच गूगलने फेब्रुवारी २०२४पासून लागू केलेल्या नियमांत, फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता घालून दुसऱ्या सर्व्हरवरून मेल पाठवू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. जीमेलवाल्यांचीच बहुसंख्या असलेल्या साध्या मंडळाच्या लिस्टला आमचा सल्ला सरसकटचा. तंत्रज्ञांच्या लिस्टवर मात्र लोक पत्त्यांची पर्वा करतात, तिथे निवडक ठेवा किंवा पहिला रस्ता धरा.

‘रॅप मेसेज’ असाही एक पर्याय यादीत दिसेल. तो मूळ मेल जशीच्या तशी जोडपत्र म्हणून नव्या मेलमध्ये घालतो. तत्त्वाला धरून आहे, पण मोबाइलवरच्या बऱ्याच मेल ॲपांत वाचणाऱ्याला कोरं पान आणि एक जोडपत्र एवढंच दिसतं. ‘रिजेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’ हे पर्याय म्हणजे याहूवरच्या सदस्यांना दार बंद. आधीच कमी होत चाललेल्या लिहित्या लोकांना परत पाठवायचं असेल तरच ते निवडा!

गूगल ग्रुप्सवर लिस्ट असेल तर कडक धोरणाच्या पाठवणाऱ्यांचा फ्रॉम गूगल आपणहून बदलतो. मात्र ग्रुप तुमच्या स्वतःच्या वर्कस्पेस डोमेनवर असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या सेटिंगखाली ‘ऑथेंटिकेट ईमेल’मध्ये जाऊन तुमच्या डोमेनची डीकिम सही चालू करा. ती चालू नसेल तर गूगल स्वतःच्याच डोमेनची सही लावतं. ती तुमच्या फ्रॉमशी जुळत नाही, म्हणजे असून नसल्यासारखी.

रिप्लाय-टूची खोड

फ्रॉम बदलल्यावर तांत्रिक प्रश्न सुटतो आणि माणसांचा सुरू होतो. ‘उत्तर पाठवणाऱ्याला’ असं सेटिंग असेल तर मेलमॅन मूळ पत्ता रिप्लाय-टूमध्ये ठेवतो आणि उत्तर त्याच माणसाला जातं. ‘उत्तर लिस्टला’ असं सेटिंग असेल तर मूळ पत्ता सीसीमध्ये जातो आणि नुसतं रिप्लाय दाबलं की उत्तर तीनशे जणांसमोर. मंडळाच्या वर्गणीवरून एकाची खाजगी कुरकुर अशी चव्हाट्यावर आली की दोष लिस्ट चालवणाऱ्याच्या माथी येतो. काही मेल ॲपं तर ‘शैला व्हाया वाचक’ हे नाव आणि लिस्टचा पत्ता अशी जोडी संपर्कांत साठवतात, आणि पुढच्या वेळी शैलाला लिहिलेलं सगळ्यांना जातं.

म्हणून बदल करायच्या आदल्या दिवशी एक मेल टाका, अशा शब्दांत:

‘मंडळी, उद्यापासून लिस्टवरच्या प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याच्या नावापुढे “व्हाया वाचक” दिसेल आणि पत्ता लिस्टचा असेल. रिप्लाय दाबल्यावर “टू”मधला पत्ता वाचा, मगच पाठवा. एकट्यालाच काही कळवायचं असेल तर पत्ता हाताने घाला. मेलच्या शेवटी आपलं नाव, गाव आणि पत्ता लिहायला विसरू नका.’

शेवटचं वाक्य उगाच नाही. फ्रॉममधून पत्ता गेल्यावर वर्षभराने संग्रहातली मेल वाचणाऱ्याला लिहिणारा शोधायचा तर मजकुरातली सही हाच आधार उरतो.

अडकलेल्या सदस्यांना सोडवा

सेटिंग बदललं म्हणून आधी स्थगित झालेले सदस्य आपोआप परत येत नाहीत. मेलमॅन प्रत्येक परत आलेल्या मेलमागे सदस्याच्या नावावर गुण चढवतो, पण एका दिवसात एकदाच. गुणांची मर्यादा मुळात ५ असते. सात दिवस काही परत आलं नाही तर जुने गुण शिळे समजून पुसले जातात. म्हणजे याहूवाल्या दोघा-तिघांनी आठवडाभर रोज गप्पा मारल्या, की जीमेलवरचे सगळेच्या सगळे एकाच दिवशी मर्यादा ओलांडतात. दिंडीच्या किंवा जत्रेच्या तयारीच्या दिवसांत हे हमखास होतं.

मेलमॅन २.१च्या सदस्य यादीत ‘नोमेल’च्या रकान्यात ‘बी’ अशी खूण असलेले म्हणजे परतीमुळे थांबलेले. तीच खूण काढायची. ‘यू’ असेल तर सदस्याने स्वतः मेल बंद केली आहे, त्याला हात लावू नका. मेलमॅन ३मध्ये सदस्याच्या डिलिव्हरी स्थितीत ‘परतीमुळे बंद’ अशा अर्थाची नोंद दिसते. ती पुन्हा चालू करा. सोडवण्याआधी लॉगमध्ये संकेत डीमार्कचाच होता ना, हे तपासा. खरोखर मेलेले पत्ते जिवंत केलेत तर जीमेलच्या नजरेत तुमच्या सर्व्हरची पत घसरते.

पुन्हा असं होऊ नये म्हणून ‘व्हर्प प्रोब्स’ चालू करा. मग मर्यादा ओलांडल्यावर मेलमॅन सदस्याला लगेच बंद न करता स्वतःच्या पत्त्यावरून एक चाचणीची मेल पाठवतो, आणि तीही परत आली तरच बंद करतो. हे मुळात बंद असतं आणि वेब पॅनेलमध्ये नसतं, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदलावं लागतं. होस्टिंगवाल्याला तेवढं सांगा.

लिस्ट नाही, नुसती पुढे-पाठवणी

बऱ्याच देवस्थान समित्या आणि संस्था खरी लिस्ट न चालवता ‘सचिव’ किंवा ‘अध्यक्ष’ अशा पत्त्यावर आलेली मेल चार जणांच्या जीमेलवर वळवतात. इथे मजकूर बदलत नाही, त्यामुळे डीकिमची सही टिकते आणि डीमार्क पास होतो. अडतं ते सही न करणाऱ्या पाठवणाऱ्यांचं. पाकिटावरचा पत्ता बदलणारी एसआरएस पद्धत, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरवर ‘पोस्टएसआरएसडी’, लावली तर एसपीएफ पास होतो, पण तुमच्या डोमेनसाठी. फ्रॉमशी जुळणी तरीही होत नाही. एसआरएस हे डीमार्कवरचं औषध नाही, हे लक्षात ठेवा. आणि वळवण्याआधी स्पॅम गाळा. नाहीतर जगभरचं स्पॅम तुमच्या सर्व्हरच्या नावाने जीमेलकडे जातं.

एआरसीबद्दल थोडक्यात: लिस्टने मेल घेताना तपासणीचा निकाल काय होता, याचा शिक्का मारून तो पुढे द्यायचा, अशी ही पद्धत २०१९मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली. शिक्का मारायला हरकत नाही, ‘आरस्पॅमडी’ या स्पॅम गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. पण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा ठरवतो, म्हणून एआरसीच्या भरवशावर फ्रॉम बदलणं बंद करू नका.

मोठ्या लिस्टांचे नियम

गूगल आणि याहू या दोघांनीही फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम आणि किमान नन धोरणाचा डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले. गूगलच्या हिशेबात दिवसाला जीमेलच्या खात्यांना ५,००० मेल पाठवणारा तो मोठा. मायक्रोसॉफ्टने मे २०२५पासून आउटलुक, हॉटमेल आणि लाइव्हसाठी तशाच आकड्यावर तसाच नियम आणला. तिथे नियम न पाळल्यास ५५० ५.७.५१५ हा संकेत येतो.

‘आपण कुठे मोठे?’ असं म्हणण्याआधी गुणाकार करा. जीमेलवरचे ३०० सदस्य आणि दिवसात १७ मेल: ५,१००. एखादा वाद पेटला की एका संध्याकाळी हा आकडा गाठला जातो, आणि गूगलने एकदा मोठा म्हणून नोंदलं की ती नोंद पुढे पुसली जात नाही. मोठ्यांना एका टिचकीत सदस्यत्व सोडण्याची सोयही द्यायला सांगितली आहे. त्यासाठी ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ हे दोन मथळे लागतात, आणि दोन्ही डीकिमच्या सहीखाली यायला हवेत. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या.

तुमच्या हातात डोमेन असेल तर

हा भाग लिस्ट चालवणाऱ्यांसाठी नाही, कॉलेजच्या किंवा कंपनीच्या डोमेनचा कारभार पाहणाऱ्यांसाठी आहे. लिस्टवर मेल अडते तेव्हा मूळ बऱ्याचदा इथे असतं: कोणीतरी एका दुपारी धोरण थेट रिजेक्टवर नेलेलं असतं, आणि प्राध्यापक मंडळींची लिस्टवरची पत्रं त्या संध्याकाळपासून कुठेच पोचत नसतात.

नन ठेवून निदान महिनाभर अहवाल वाचा. ते रोज, दाबलेल्या एक्सएमएल फाइलच्या रूपात येतात. त्यात अनोळखी आयपी, एसपीएफ पास पण भलत्याच डोमेनसाठी, डीकिम नापास, अशी ओळ दिसली की लगेच ‘कोणीतरी आपल्या नावाने मेल पाठवतंय’ असा ओरडा करू नका. ती बहुतेक तुमच्याच माणसाने लिहिलेली, लिस्टवरून गेलेली मेल असते. पावत्या, निकाल, सूचना अशा यंत्राने जाणाऱ्या मेलसाठी उपडोमेन वेगळं काढा आणि रिजेक्ट त्याला लावा. उपडोमेनला स्वतःची डीमार्क नोंद देता येते. माणसं ज्या डोमेनवरून लिस्टवर लिहितात ते नन किंवा क्वारंटाइनवर राहू द्या.

चाचणी

सगळं लावून झालं की याहूच्या पत्त्यावरून लिस्टवर एक मेल टाका आणि जीमेलच्या दुसऱ्याच खात्यात ती उघडा. ज्या जीमेल खात्यावरून मेल टाकली त्याच खात्यात ती लिस्टकडून परत आलेली पाहायला जाऊ नका. आपलीच मेल लिस्टवरून परत आली तर जीमेल ती वेगळी दाखवत नाही, आणि लोक तासन् तास नसलेला दोष शोधत बसतात. उघडलेल्या मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ दाबलं की वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क असे तीन निकाल दिसतात. तिन्ही पास हवेत आणि डीकिमसमोर तुमच्या लिस्टचं डोमेन हवं.

चाचणीचा विषय देवनागरीत आणि चांगला लांबलचक ठेवा, मजकुरात एखादा फोटो जोडा. ‘टेस्ट’ असा एका शब्दाचा रोमन विषय सगळीकडून सुखरूप जातो. बिघाड दिसतो तो ‘कार्तिक महिन्यातल्या दिंडीसाठी स्वयंसेवकांची यादी व जेवणाची व्यवस्था’ अशा विषयाच्या मेलवर.